व्योसा वाहती आहे, हे आधी सांगायला हवं होतं

अल्बेनियातल्या व्योसा नदीवरच्या पॅकराफ्टिंगचा (पाठीवर नेता येणाऱ्या, हवा भरायच्या छोट्या राफ्टमधून नदी उतरण्याचा) तुमचा लेख आवडला. पण धरण नसणं म्हणजे काय, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, त्याची चुटपुट लागली. ग्रीसमधल्या पिंडस डोंगरांतून निघून सुमारे २७० किलोमीटर वाहणारी ही नदी अल्बेनियात मोकळी आहे, म्हणूनच तिचे गोटे आणि वाळू अजून खाली वाहत येतात. रुंद पात्रात ती दहा धारांत फुटते, पुन्हा एक होते, आणि पूर येऊन गेला की वाटच बदलते. मागच्या वर्षीचा नकाशा घेऊन उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

उन्मळून पडलेल्या झाडांबद्दल तर लेखात काहीच नाही! फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस मात्र अडकतो. वळणापलीकडचं दिसत नसेल तर काठावर उतरून बघाच. राफ्ट तीन-चार किलोचीच असते, खांद्यावर टाकून चालत पुढे जाता येतं. तिची खरी ताकद मला तरी हीच वाटते.

व्योसावरच कालिवाचला धरणाचं काम सुरू होऊन अर्धवट राहिलं. लोक धरणांविरुद्ध वर्षानुवर्षं लढले आणि मार्च २०२३ मध्ये व्योसा राष्ट्रीय उद्यान झाली. तरी शुशिचा या उपनदीचं पाणी समुद्रकिनाऱ्याकडे वळवण्याच्या योजनेवरून वाद झालाच. त्यावर सविस्तर लिहा, मी वाट बघतोय.