ता. क.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातली मिसळ खायला गेलो होतो. थंडी अशी की कानटोपी काढायची हिंमत होईना. लेक समोर बसून, तर्री चमच्याने बाजूला सारत, मोबाईलवर काहीतरी वाचत होती. एकदम म्हणाली, ‘‘पप्पा, त्याने ती फुलं डॉक्टरला दिली नाहीत ना? मग या माणसाकडे कशी आली?’’

‘‘कुठली फुलं?’’

‘‘टाइम मशीन. तुम्हीच वाच म्हणालात ना! शेवटी फुलं आहेत ती.’’

‘‘शेवटी फुलंबिलं नाहीत. शेवटी तो जातो आणि परत येत नाही.’’

तिने पापडाचं ताट सरकवून मोबाईल माझ्यापुढे धरला. पुढे आणखी एक छोटं प्रकरण होतं. उपसंहार.

एच. जी. वेल्सची ती कादंबरी मी १९९३ च्या पावसाळ्यात वाचली. सातपूरला दुसऱ्या पाळीला होतो. गावातल्या एका वाचनालयातून आणलेली जुनी इंग्रजी प्रत, मागे तारखांच्या शिक्क्यांचा कागद चिकटवलेला. त्या प्रतीत शेवटचं वाक्य होतं, काळप्रवासी तीन वर्षांपूर्वी नाहीसा झाला आणि आता सगळ्यांना ठाऊकच आहे की तो परत आलेला नाही. खाली कोरी जागा, मग थेट पुठ्ठा. मधलं पान कुणीतरी फाडलं होतं, आणि ते इतकं सफाईने की मला शंकासुद्धा आली नाही. तीस वर्षं मी लोकांना सांगत फिरलो की वेल्सने शेवट काय कोरडा केलाय बघा. (नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वाचतानाही मला हटकून तेच वाक्य आठवायचं.)

आणि खरा शेवट काय, तर दोन वाळलेली फुलं! इसवी सन ८,०२,७०१ मधली वीना नावाची ती छोटीशी मुलगी. तिला काळप्रवाशाच्या कोटाच्या खिशांचं कोडं पडतं. शेवटी ती ठरवते की ही फुलं ठेवायची काहीतरी सोय असणार, आणि त्यात फुलं खोचते. जंगलाला आग लागते त्या रात्री ती दगावते. तो परततो तेव्हा खिशात दोन फुलं तेवढी निघतात, पांढरी, जास्वंदीच्या कुळातल्यासारखी. डॉक्टर मित्र मागतो, तर हा चक्क नाही म्हणतो. आणि उपसंहारात तीच फुलं, तपकिरी, चपटी, ठिसूळ झालेली, गोष्ट सांगणाऱ्याजवळ आहेत. कशी आली ते वेल्सने सांगितलेलं नाही. माझ्या लेकीचा प्रश्न अगदी बरोबर होता. माणसाची बुद्धी गेली, बळ गेलं, तरी कृतज्ञता आणि माया उरली याची ती खूण आहे, असं म्हणून तो थांबतो.

१८९५ ची कादंबरी आहे ही. आणि मी कुठली वाचली होती? पान एक, पण ते गेल्याने पुस्तकाचा स्वभावच बदलला होता.

तेव्हापासून मला एक नाद लागलाय. विज्ञान कादंबऱ्यांच्या ‘गाजलेल्या शेवटच्या ओळी’ म्हणून ज्या सांगतात, त्या खरंच शेवटच्या आहेत का ते पाहायचा. आणि माझं आता ठाम मत झालंय की या प्रकारातला सगळ्यात भारी शेवट गोष्ट संपल्यानंतर येतो. पत्रात सही झाल्यावर आपण ‘ता. क.’ लिहितो ना, तसा.

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ घ्या. शेवटची ओळ कोणालाही विचारा, बिग ब्रदर या हुकूमशहावर नायकाचं प्रेम जडलं होतं. माणूस पुरता मोडल्याची ती ओळ आहे, वादच नाही. पण पान उलटा. पुढे न्यूस्पीक या सरकारी भाषेवर परिशिष्ट आहे, व्याकरणाच्या पुस्तकासारखं रुक्ष. बहुतेक जण तिथे पुस्तक मिटतात. मीही मिटलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की अख्खं परिशिष्ट भूतकाळात आहे. न्यूस्पीक ही ओशनियाची, म्हणजे बिग ब्रदरच्या राज्याची, अधिकृत भाषा ‘होती’. आणि लिहिलंय साध्या, सरळ इंग्रजीत. म्हणजे कधीतरी ते राज्य बुडालं आणि नंतर कुणीतरी निवांत बसून हे लिहिलं, असं मानणारे बरेच वाचक आहेत. मी त्यांच्यातला. ती भाषा पुरती लागू करायचं साल ठरलं होतं २०५०, आणि पुस्तक त्या आकड्यावर संपतं. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबला परिशिष्ट वगळून हवं होतं. ऑर्वेलने पैशांवर पाणी सोडायची तयारी ठेवून नकार दिला. ते पान फाडू दिलं नाही, असं मी म्हणतो.

मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) तर हा डाव उघडच आहे. हुकूमशाहीत दासी करून ठेवलेल्या एका बाईची कहाणी ती गाडीत चढते तिथे तुटते, पुढे अंधार की उजेड, तिलाही माहीत नाही. मग एकदम २१९५ सालातलं चर्चासत्र! प्राध्यापक तिच्या ध्वनिफितींवर निबंध वाचतात, मध्येमध्ये पाचकळ विनोद करतात, सभागृह हसतं. आणि शेवटची ओळ, ‘‘काही प्रश्न आहेत का?’’ आमच्या कंपनीतलं प्रत्येक ट्रेनिंग याच वाक्याने संपायचं आणि लोक चहाच्या टेबलाकडे पळायचे. म्हणूनच त्या ओळीने माझ्या अंगावर काटा आला. एवढं सोसून बाई उरली कशात, तर कुणाच्या तरी चहाआधीच्या निबंधात.

‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ हा तर शब्दशः ता. क. आहे. मंद बुद्धीचा चार्ली शस्त्रक्रियेने प्रचंड हुशार होतो आणि पुन्हा घसरत जातो. शेवटी मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये सगळ्यांचा निरोप घेतो, खाली ता. क. आणि त्याखाली आणखी एक ता. क. : जमलं तर मागच्या अंगणात अल्जरनॉनच्या थडग्यावर थोडी फुलं ठेवा. अल्जरनॉन म्हणजे प्रयोगातला उंदीर. आधी कथा लिहिली तेव्हा एका मासिकाच्या संपादकाला गोड शेवट हवा होता, चार्ली हुशारच राहतो आणि लग्न करतो असा. डॅनियल कीजने कथा परत घेतली. ती १९५९ मध्ये दुसरीकडे छापून आली, कादंबरी १९६६ ची. इथेही फुलंच, बघा.

यावर मित्र म्हणतो, सगळीकडे तुझा ता. क. चालणार नाही, ‘राँदेव्हू विथ रामा’चं काय? रामकुंडाच्या गावात बसून रामाची बाजू घेणं आलंच. ग्रीक-रोमन देवांची नावं संपली म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी त्या परक्या यानाला ‘रामा’ नाव दिलं, ही आर्थर क्लार्कची १९७३ ची कल्पना. यान येतं, आपल्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातं. मग दूर पृथ्वीवर एक शास्त्रज्ञ झोपेतून दचकून उठतो : रामाचे लोक प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा करतात. मित्राला सांगितलं, बाबा रे, ही ओळ क्लार्कने अगदी शेवटच्या फेरतपासणीत जोडली होती, असं तो स्वतः म्हणतो. पुढचे भाग लिहायचा विचारही तेव्हा नव्हता. १९८९ पासून त्याने जेन्ट्री लीबरोबर ते काढलेच, आणि माझ्या मते त्या ओळीतली हवा गेली.

आपल्याकडे मात्र दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथांचा ता. क. म्हणजे खुलासा. शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी डॉक्टर चष्मा पुसत सगळं समजावून सांगणार. २०२१ मध्ये आडगावला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या खुर्चीवर होता. भेट झाली तर याबद्दल विचारायचं ठरवून गेलो होतो, पण प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ ला ते गेले.

आणि कुसुमाग्रजांच्या ‘कणा’चं आपण नाशिककरांनीच काय केलंय? ‘फक्त लढ म्हणा’ क्लासच्या फलकांवर, रिक्षांच्या पाठीवर, निवडणुकीच्या बॅनरवर. त्या ओळीच्या आधी घरात शिरलेलं गंगेचं पाणी आहे, खचलेली भिंत आहे, विझलेली चूल आहे, ते कुणाला आठवत नाही. पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी लागलं ते बघायला गर्दी करतो, तेव्हाही नाही.

ता. क. : तो उपसंहार प्रिंट करून जानेवारीत वाचनालयात गेलो. पुस्तक अजून आहे, शेवटचा शिक्का २००४ चा. काउंटरवरच्या काकांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी कागद हातात घेऊन मापाला लावून बघितला, कडा कापायला कात्री दिली. मी खळीची डबी उघडली तर म्हणाले, ‘‘खळ नको साहेब, कसर लागते. थांबा, फेविकॉल देतो.’’