तेल म्हणजे ऊस नव्हे

सकाळी सकाळी ग्रुपवर पोस्टर येऊन पडलं. वाळवंटातली तेलविहीर, मागे तिरंगा आणि खाली ठळक अक्षरांत 'आमचं तेल, आमचीच रिफायनरी. पाइपलाइन म्हणजे लूट!' त्यावर एका मित्राची भर: "बरोबरच आहे. आपला ऊस आपल्याच कारखान्यात जातो ना? मग राजस्थानातल्या बाडमेरचं तेल गुजरातला कशाला?" खाली अंगठ्यांची रांग. शंका एकालाही नाही.

म्हणून हे लांबलचक. चहा घेऊन बसा.

ऊस तोडला की घड्याळ सुरू होतं. चोवीस तासांत गाळप व्हायला हवं, नाहीतर साखर उतरते. ट्रॉली काट्याच्या रांगेत दोन दिवस उभी राहिली की काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. शंभर किलो उसातून साखर मिळते दहा-अकरा किलो, बाकी पाणी, बगॅस, मळी. एवढं ओझं लांब वाहणं परवडत नाही, म्हणून कारखाना उसाजवळ. क्रूड, म्हणजे जमिनीतून निघणारं कच्चं तेल, कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून होतं, आणखी दोन महिने टाकीत पडलं तर त्याला काही होत नाही. शंभर किलो क्रूड आत गेलं तर नव्वदच्या वर किलो विकाऊ माल बाहेर येतो; उरलेलं बहुतेक रिफायनरी आपल्याच भट्ट्यांत जाळते. म्हणजे शुद्ध करून ओझं हलकं होतच नाही.

उलट ते वाहणं जास्त किचकट होतं. आत जातो एक द्रव. बाहेर पडतात गॅस, नाफ्था, पेट्रोल, विमानाचं इंधन, डिझेल, डांबर, पेटकोक, गंधक. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल एकाच पाइपातून एकामागोमाग ढकलता येतात, पण दोन माल जिथे एकमेकांना भिडतात तिथला मिसळलेला पट्टा वेगळ्या टाकीत उतरवावा लागतो. डांबराला गरम टँकर लागतो, स्वयंपाकाच्या गॅसला दाबाच्या टाक्या, कोकला वॅगन. त्यापेक्षा क्रूडचा एकच पाइप स्वस्त पडतो. म्हणून जगभर रिफायनऱ्या गिऱ्हाइकाजवळ किंवा बंदराजवळ उभ्या राहतात. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर या देशांत स्वतःचं क्रूड जवळपास नाहीच, आणि त्यांच्या रिफायनऱ्या बघा.

आता बाडमेरचं क्रूड. २००४ साली तिथलं मंगला तेलक्षेत्र सापडलं, २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे तेल इतकं मेणचट की साध्या तापमानाला बूट पॉलिशसारखं घट्ट. बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही. ते वाहतं ठेवायचं तर ६५ अंशांच्या आसपास गरम ठेवावं लागतं. म्हणून बाडमेरहून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन टाकली, तीही अंगावर उष्णतारोधक थर चढवलेली आणि बाजूने बारीक नळी जोडलेली. त्या नळीत केबल असते. वीज सोडली की नळीचं पोलाद तापतं आणि ती उष्णता मुख्य पाइपात उतरते. असा गरम पाइप एवढा लांब जगात दुसरीकडे नव्हता. 'लूट' म्हणणाऱ्यांनी निदान हे एकदा वाचावं.

यात बिघडतं कसं तेही सांगतो. पंप बंद पडला, तेल थंड झालं, की मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि अख्ख्या पाइपात जेली जमते. नुसता पंप चालू करून ती हलत नाही, ती जाळी मोडण्याइतका दाब लागतो, आणि पाइप किती दाब सोसेल याला मर्यादा असते. म्हणून ठरवून बंद ठेवायचं असेल तर आधी लाइनमध्ये पातळ तेल ढकलून मेणचट माल पुढे काढतात. भिंतीवर साचलेलं मेण खरवडायला आतून 'पिग', म्हणजे पाइपभर बसणारा सफाईचा बोळा, सोडतात, पण तोही नियमाने सोडावा लागतो. फार दिवसांनी सोडला तर खरवडलेलं मेण त्याच्यापुढे गोळा होतं आणि पिगच अडकतो. मग शोधा, ६७० किलोमीटरमध्ये कुठे ते.

मित्राच्या उसाकडे परत येतो, कारण तो डोक्यातून जात नाहीये. आणि इथे माझा आवाज थोडा खाली येतो. कारण हाच प्रश्न आसामने विचारला होता, आणि आसामला मी मूर्ख म्हणू शकत नाही.

दिग्बोईची रिफायनरी १९०१ ची. १९५३ मध्ये नाहरकटियाला मोठा साठा सापडला आणि दिल्लीने ठरवलं की रिफायनरी बिहारमध्ये बरौनीला. कारणं कागदावर चोख होती: आसामात खप कमी, सीमा जवळ, मध्ये सिलिगुडीची चिंचोळी पट्टी. आसाम रस्त्यावर उतरला. तडजोड म्हणून गुवाहाटीला नूनमाटीत वर्षाला साडेसात लाख टनांची छोटी रिफायनरी मिळाली, १ जानेवारी १९६२ ला नेहरूंनी तिचं उद्‌घाटन केलं. मोठी गेली बरौनीलाच, सोबत ११५७ किलोमीटरची पाइपलाइन. आसामचं क्रूडही मेणचट, तिशीच्या आसपास थिजणारं. म्हणून पाइपलाइन जिथून निघते त्या दुलियाजानला ते आधी तापवून मेण विरघळवायचं आणि मग ठरलेल्या वेगाने थंड करायचं, म्हणजे स्फटिक एकमेकांत न गुंतता सुटे सुटे बनतात आणि तेल वाहतं राहतं. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर तेल बाहेर न्यायला. आणि रॉयल्टीचा, म्हणजे तेलापोटी राज्याला मिळणाऱ्या पैशाचा, दर ठरवणार केंद्र. डोक्यावरून नाही, पायाखालून जातंय सगळं. मग आसाम आंदोलनात घोषणा आली, 'तेज दिम, तेल निदिओं'. रक्त देऊ, तेल देणार नाही. १९८० मध्ये बरौनीकडे जाणारं तेल महिनोन्‌महिने बंद होतं.

या घोषणेला 'उसाचा उतारा' सांगून उत्तर देता येत नाही. मान्य. आणि ईशान्येला लागणारं इंधन ईशान्येतच बनवणं, तेवढ्यापुरता हिशोबही जुळतो. तेही मान्य. २०२० मध्ये आसामातल्या बागजानची विहीर फुटली, ९ जूनला पेटली, पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. धूर त्यांच्या अंगणात आणि डिझेल भलतीकडे, असं वाटणारच.

पण पुढे काय झालं तेही बघा ना. आंदोलनांनी बोंगाईगावची रिफायनरी मिळाली, १९८५ च्या आसाम करारातून नुमालीगढची मिळाली. चार रिफायनऱ्या, एकूण क्षमता वर्षाला ७० लाख टनांच्या आसपास, आणि आसामचं क्रूड त्याच्या कितीतरी खाली. पोट मोठं, घास लहान. १ एप्रिल २०२० पासून देशभर पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत दहा भागांच्या, आत हवं. त्यासाठी हायड्रोजनचं युनिट, गंधक काढायचं युनिट. हे छोट्या रिफायनरीलाही लागतंच, आणि खर्च क्षमतेच्या प्रमाणात घटत नाही. या धंद्यातला ठोकताळा असा की क्षमता दुप्पट केली तर खर्च साधारण दीडपट होतो. म्हणजे निम्मी केली की टनामागे खर्च वाढलाच. ईशान्येतल्या रिफायनऱ्यांना अबकारी करात निम्मी सूट द्यावी लागली ती उगाच नाही.

आणि ती बरौनीची पाइपलाइन? तिचा बरौनी ते बोंगाईगाव टप्पा उलटा फिरवला. आता त्यातून बाहेरचं क्रूड आसामकडे येतं! पाइप उलटा फिरवणं म्हणजे फक्त पंपाचं तोंड वळवणं नसतं. तेल एकाच दिशेला जाऊ देणारा प्रत्येक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसवायचा, पिग सोडायची आणि पकडायची जागा अदलाबदल करायची, आणि चढउतार आता उलट्या क्रमाने येणार म्हणून कुठे किती दाब लागेल ते नव्याने मांडायचं. नुमालीगढ ३० लाखांवरून ९० लाख टनांवर न्यायचं ठरलं, तर क्रूड कुठून आणणार? ओडिशातल्या पारादीप बंदरावरून, सोळाशेहून जास्त किलोमीटरच्या नव्या पाइपातून. 'आमचं तेल' आता समुद्रावरून येतंय.

बाडमेरला तर सरळ थट्टाच झाली, आणि इथे मला खरोखर संताप येतो. पचपदराच्या रिफायनरीचा नारळ दोनदा फुटला, सप्टेंबर २०१३ मध्ये आणि जानेवारी २०१८ मध्ये. दोन्ही वेळा निवडणुकीचा वास. आधीच्या करारात राजस्थानने पंधरा वर्षं दरवर्षी ३,७३६ कोटी बिनव्याजी कर्ज म्हणून द्यायचे होते. बेरीज करा. ५६,००० कोटी! अख्ख्या प्रकल्पाचा तेव्हाचा अंदाज याहून कमी होता. नंतर घासाघीस होऊन आकडा वर्षाला १,१२३ कोटींवर आला, म्हणजे घासाघीस आधीही करता आली असती. प्रकल्पाचा खर्च ४३,१२९ कोटींवरून २०२३ मध्ये ७२,९३७ कोटींवर गेला. आणि क्षमतेच्या ९० लाख टनांपैकी राजस्थानचं क्रूड किती? १५ लाख. उरलेले ७५ लाख टन आयात, गुजरातच्या मुंद्रा बंदरावरून, पाइपलाइनने. पोस्टरवाल्यांनो, ही लूट कोणाची आणि कोणाकडे, ठरवा एकदा.

विहिरी म्हाताऱ्या होतात हो. बाडमेरचं उत्पादन शिखर गाठून खाली आलंय. रिफायनरी चाळीस-पन्नास वर्षांसाठी बांधतात. हो, सोबत पेट्रोकेमिकल जोडलंय, त्यावर प्लास्टिकचे छोटे कारखाने उभे राहतील, रोजगार येईल. येऊ दे. पण मग तसं म्हणा. 'आमचं तेल' म्हणू नका.

आणि पेट्रोल स्वस्त होईल हे तर विसराच. रिफायनरीच्या दारातला भाव आंतरराष्ट्रीय बाजाराला बांधलेला, वर केंद्राचं अबकारी, डीलरचं कमिशन, राज्याचा व्हॅट. विहीर पंपापासून दोन किलोमीटरवर आहे की दोन हजार, हे त्या हिशोबात कुठेच येत नाही. भांडायचंच असेल तर रॉयल्टीचा दर कोण ठरवतो यावर भांडा, पाइप ज्यांच्या शेतातून जातो त्यांना मिळणाऱ्या भरपाईवर भांडा. त्याचं पोस्टर बनत नाही, हीच अडचण.

हे टाइप करतोय तोवर मित्राचं उत्तर आलं: "मग साखर कारखानाही बंदरावर न्यायचा का?"

अरे बाबा, नेलाय की. बाहेरून येणारी कच्ची साखर कांडल्याला आणि हल्दियाला, बंदरावरच शुद्ध होते. कारण ती नासत नाही.