ब्राउजर गेम अडकतो म्हणून फ्लॅश प्लेयर टाकू नका, अँटीव्हायरस तर अजिबात बंद करू नका

‘ब्राउजर गेम लॅग होतोय? हे ८ उपाय करा, कॉम्प्युटर रॉकेटसारखा पळेल’ असा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ताईच्या ग्रुपवर आला, तिने चांगल्या हेतूने भाचीला पाठवला, आणि भाचीने अख्खी दुपार खर्चून त्यातलं जवळजवळ सगळं इमानदारीत करून टाकलं. संध्याकाळी तिचा रडवेल्या आवाजात फोन, ‘मावशी, गेम आधीपेक्षा जास्त अडकतोय आणि माझ्या सगळ्या लेव्हल गेल्या.’ मी जाऊन लॅपटॉप बघितला आणि डोकंच फिरलं, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी तो फ्लॅश प्लेयरचा (ब्राउजरमध्ये जुने गेम आणि व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मुद्दा, कारण तो नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. मेसेज म्हणतो, खालच्या लिंकवरून ‘लेटेस्ट फ्लॅश प्लेयर’ टाका, आणि इन्स्टॉल होताना अडवलं तर अँटीव्हायरस बंद करा, खेळताना पण बंदच ठेवा म्हणजे स्पीड मिळेल. अहो, लेटेस्ट फ्लॅश प्लेयर नावाची वस्तू आता नाहीच! अॅडोबी कंपनीने आपल्या फ्लॅशचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपवला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरमध्ये फ्लॅशचं काहीही चालणं बंद केलं, आणि कॉम्प्युटरवर असेल तर ताबडतोब काढून टाका असं स्वतःच्या साइटवर स्पष्ट लिहिलं. ज्यांचं सॉफ्टवेअर तेच काढा म्हणतायत आणि हा मेसेज टाका म्हणतोय. क्रोमने ८८ व्या आणि फायरफॉक्सने ८५ व्या व्हर्जनमध्ये फ्लॅश कायमचं बाहेर काढलं, म्हणजे खरीखुरी जुनी फाइल मिळाली तरी ब्राउजर तिला हात लावणार नाही. आजचे गेम एचटीएमएल फाइव्ह, वेबजीएल, वेबअसेम्ब्ली या ब्राउजरमध्येच असलेल्या तंत्रांवर चालतात, त्यांचा फ्लॅशशी संबंध नाही. जुने फ्लॅश गेम खेळायचेच असतील तर रफल नावाचा एम्युलेटर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहे, बऱ्याच साइट तोच वापरतात, त्याला फ्लॅश प्लेयर लागतच नाही.

मग त्या लिंकवर काय आहे? मी उघडून बघितली नाही आणि तुम्हीही बघू नका. बनावट फ्लॅश अपडेटच्या नावाखाली मालवेअर घुसवणं ही फार जुनी युक्ती आहे, आणि इथे तर वर सांगतायत की अँटीव्हायरस बंद करा. घराची कडी काढून ठेवा, पाहुणे येणार आहेत, असंच झालं ना हे! अँटीव्हायरसचं स्कॅन नेमकं खेळताना चालू झालं तर थोडं जड होतं हे मान्य, पण त्यावर उपाय म्हणजे स्कॅनची वेळ बदलणं. नशीब एवढंच की इन्स्टॉल करताना भाचीला लॅपटॉपने पासवर्ड विचारला, तो तिला माहीत नव्हता, म्हणून तेवढं एक राहिलं.

आता तिच्या लेव्हल कशा गेल्या ते सांगते. मेसेजमध्ये आहे, ‘रोज ब्राउजरचा सगळा डेटा क्लिअर करा, ऑल टाइम निवडा.’ तिने सगळ्या चौकटींवर टिक केली. आता बरेच ब्राउजर गेम लॉगिन न करता खेळता येतात, आणि तेव्हा तुमची प्रगती ब्राउजरमध्येच, त्या साइटच्या डेटामध्ये साठवलेली असते. कुकीज आणि साइट डेटावर टिक केलीत की ते सगळं पुसलं जातं आणि परत येत नाही. पोरीचे कित्येक महिने गेले. बरं, मिळालं काय? कॅशे, म्हणजे ब्राउजरने जपून ठेवलेल्या फाइली, रिकामी झाल्याने गेमची चित्रं, आवाज सगळं पुन्हा डाउनलोड, म्हणजे उघडायलाच जास्त वेळ. एखादा गेम अपडेटनंतर बिघडला, अर्धवट लोड होतोय, तर कॅशे साफ करून फायदा होतो, तेवढं खरं. पण तेव्हाही फक्त कॅशेची टिक, बाकीच्या काढा.

एमएसकॉन्फिगचा, म्हणजे विंडोज सुरू कसं व्हावं ते ठरवणाऱ्या सेटिंगचा, उपाय तर कहर आहे. ‘बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, नंबर ऑफ प्रोसेसर्सवर टिक करा.’ ती टिक नसते तेव्हा विंडोज प्रोसेसरचे सगळेच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, वापरतं! ती सोय कोअर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. भाचीने टिक केली, शेजारचा आकडा १ वरच राहिला, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, आणि टास्क मॅनेजरमध्ये मी बघतेय तर आठऐवजी लॉजिकल प्रोसेसर एक. बिचारा लॅपटॉप एका पायावर उभा.

हार्डवेअर अॅक्सेलरेशन (चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) बंद करा, हा पुढचा. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, खराब असेल तर बंद केल्याने कधीकधी फरक पडतो, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागेल. पण बाकी वेळा उलटं होतं, ग्राफिक्स चिपचं काम प्रोसेसरवर पडतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यात प्रोसेसरने सगळं रंगवायचं म्हणजे अडकणारच. क्रोमच्या अॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश, जीपीयू असं टाइप केलं की पान उघडतं, तिच्याकडे तिथे कॅनव्हासच्या पुढे ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ लिहिलेलं होतं, म्हणजे चित्र प्रोसेसरच रंगवत होता. सेटिंगमध्ये सिस्टिमखाली ते परत चालू केलं, ब्राउजर रीलाँच केला.

रॅम क्लीनर टाका आणि प्रीफेच फोल्डर (प्रोग्रॅम लवकर उघडावे म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी) उडवा, या दोन उपायांवर जास्त वेळ घालवत नाही. रॅम क्लीनर मेमरीतलं डिस्कवर ढकलतात, ते परत आणताना गेमला झटका बसतो. प्रीफेच पुसलं की प्रोग्रॅम उघडायला उलट जास्त वेळ लागतो, विंडोज ते पुन्हा बनवतंच. डीएनएस बदला असंही आहे, पण त्याने पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, कमी होत नाही, साइटच्या नावावरून पत्ता शोधून झाला की डीएनएसचं काम संपलं.

इन्कॉग्निटोमध्ये खेळा, हा एकच उपाय अर्धा बरोबर निघाला, पण कारण त्यांना माहीत नाही. तिथे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउजरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आपोआप बंद असतात म्हणून गेम हलका होतो. रोज तिथेच खेळलात तर विंडो बंद करताच सेव्ह गायब, पण एकदा तपासायला बरं. भाचीकडे एक्स्टेंशनचाच घोळ होता. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं, तर गेमपेक्षा वर एक पानाचा रंग बदलणारं एक्स्टेंशन बसलेलं. ते काढलं, चार्जर लावला कारण बॅटरी वाचवणारा एनर्जी सेव्हर चालू होता, आणि गेम सुरळीत.

ज्यांनी हा मेसेज वाचून सगळं करून टाकलंय त्यांनी आधी अँटीव्हायरस चालू करा, त्या लिंकवरून टाकलेलं काढा आणि फुल स्कॅन लावा. मग एमएसकॉन्फिगमधली टिक काढून रीस्टार्ट. पात्र मागे उड्या मारत असेल पण चित्र गुळगुळीत असेल तर भानगड इंटरनेटची आहे, राउटरजवळ बसा किंवा केबल लावा. आणि ज्या ग्रुपवर हा मेसेज टाकलात तिथेच, त्याच्याच खाली, फ्लॅशची ती लिंक उघडू नका असं लिहा. ताईने काल लिहिलं.