दहा टक्के शिसं, पण कशाचे?

पावसाळा सरला की मुंबईतल्या डायव्हिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मालवण-तारकर्लीचे बेत शिजू लागतात आणि पाण्याखाली जाता यावं म्हणून किती शिसं बांधायचं हे सांगणारा एक जुना फॉरवर्ड पुन्हा फिरतो: "आपल्या वजनाच्या दहा टक्के शिसं कमरेला बांधा. तलावात जमलं की समुद्रातही जमतं. शंका असेल तर दोन किलो जास्त घ्या, सुरक्षित!"

पाणी माणसाला किती उचलून धरतं हे त्याने किती पाणी बाजूला सारलं यावर ठरतं, वजनकाट्यावर नाही. ८० किलोचा पहिलवान आणि ८० किलोचाच पोट सुटलेला गृहस्थ, दोघांनाही आठच किलो? चरबी पाण्याहून हलकी, स्नायू जड. त्यात अंगातला सूट पातळ की जाड, पाठीवरची हवेची टाकी अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची, याचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही.

तलावाचं म्हणाल, तर समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सामानासकट तुम्ही १०० किलो भरत असाल, तर दादरच्या तलावात जुळलेला आकडा मालवणला अडीच किलोने कमी पडतो. टक्केवारी लावायचीच तर इथे लावा.

"दोन किलो जास्त" हे मात्र घातक. तेवढं ओझं तोलायला बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात, दोन लिटर हवा जास्त भरावी लागते, आणि ती हवा गप्प बसत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथले दोन लिटर सोडले नाहीत तर वर येईतो चार होतात. पाच मीटरवर, वर येताना सुरक्षिततेसाठी काही मिनिटं थांबायचं (सेफ्टी स्टॉप) तिथेच, माणूस बुचासारखा वर उसळतो. शिवाय कमरेवरच्या शिशाने पाय खाली लोंबतात, फिन्स वाळू ढवळतात, हवाही लवकर संपते.

मग लोक जादा शिसं घेतात कशाला? सुरुवातीला बुडत नाहीत म्हणून. भीतीने छाती फुगवून धरलेली, पाय नकळत चालू, अजून न भिजलेल्या सूटमध्ये बुडबुडे अडकलेले. घाईतला इन्स्ट्रक्टर आणखी एक किलो अडकवून मोकळा होतो. "श्वास सोडा" म्हणत थांबायला वेळ कुणाला आहे!

वजन तपासायचं ते समुद्रातच: सगळं सामान चढवून, बीसीडी रिकामी करून, नेहमीइतका श्वास धरून, पाय न हलवता. पाणी डोळ्यांपाशी यावं, श्वास सोडल्यावर सावकाश खाली जावं. हे टाकीत ५० बार (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) उरले असताना करावं. ११ लिटरच्या टाकीतली २०० बार हवा अडीच किलोहून जास्त भरते आणि डाइव्ह संपेपर्यंत त्यातली दोनेक किलो वापरून झालेली असते. भरल्या टाकीने तपासलंत तर तेवढी भर घाला. फॉरवर्डमधले दोन किलो एवढ्यापुरतेच रास्त.