दरोडेखोर बासरीने विरघळला नव्हता

सध्या एक जपानी चित्र जो तो पुढे ढकलतोय. चांदण्या रात्री माळावरून एक माणूस आडवी बासरी वाजवत चाललाय आणि मागे गवतात दुसरा दबा धरून बसलाय. खाली मजकूर असा: ‘हजार वर्षांपूर्वीचं चित्र. चित्रकाराने स्वतः लाकडात कोरलं. संताची बासरी ऐकून दरोडेखोर विरघळला आणि पाया पडला.’ चित्र माझं अतिशय लाडकं आहे, म्हणून हे राहवत नाही.

हजार वर्षं जुना आहे तो प्रसंग. चित्र त्सुकिओका योशितोशी या जपानी चित्रकाराचं, १८८३ सालचं. तोवर तोक्यो-योकोहामा आगगाडी धावू लागून अकरा वर्षं झाली होती. आदल्या वर्षी एका प्रदर्शनात त्याने हाच विषय रंगवून मांडला होता, त्यावरून पुढे लाकडी ठशांनी छापलेलं हे तीन कागदांचं चित्र निघालं.

कोरण्याचं म्हणाल तर योशितोशीने रेखाटन केलं. ते पातळ कागदावरचं रेखाटन पालथं घालून चेरीच्या फळीवर चिकटवायचं आणि रेघ ठेवून बाकीचं लाकूड काढायचं, हे कोरक्याचं काम. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. कागद तसूभरही सरकू नये म्हणून फळीच्या कडेला खाच असते. तिला कागद टेकवून छापणारा बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीने पाठीमागून घासतो. या कारागिरांचं श्रेय एका वाक्यात पुसलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि संत? वाजवणारा फुजिवारा नो यासुमासा हा क्योतोच्या दरबारातला सरदार, प्रांताधिकारी, इझुमी शिकिबू या थोर कवयित्रीचा नवरा.

आता मुख्य मुद्दा. ही गोष्ट बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकु’ कथासंग्रहात आहे, आणि तीही योद्ध्यांच्या कथांच्या भागात. थंडी तोंडावर आलेली, हाकामादारे या दरोडेखोराला कपडे हवे होते. अंगावर कपड्यांचे थर चढवलेला हा माणूस त्याला आयता सापडला. तो मागे लागला, मुद्दाम पाय आपटत धावून गेला. यासुमासाने वाजवता वाजवताच मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर धास्तीचा मागमूस नाही. असं बऱ्याचदा झालं. शेवटी हाकामादारे तलवार उपसून धावला, तेव्हा यासुमासाने बासरी थांबवली आणि विचारलं, कोण तू? दरोडेखोराचं अवसान तिथे गळालं, तो मटकन बसला.

बासरी थांबल्यावर! सुरांनी काळीज पाघळल्याची गोष्ट पुढे जोडली गेली, ती गोडही आहे. कृष्णाच्या मुरलीवर वाढलेल्या आपल्या मनाला तर ती लगेच पटते. पण जुन्या कथेत त्याला धडकी भरली ती त्या माणसाच्या अढळपणाची.

चित्र पुन्हा पाहा. वाऱ्याने गवत आडवं झालंय, बाह्या फडफडताहेत, सगळं हलतंय आणि बासरी धरलेले हात तेवढे स्थिर आहेत. योशितोशीने नेमकं तेच पकडलंय.

पुढे यासुमासा त्याला म्हणाला, चल माझ्याबरोबर. पुन्हा बासरी वाजवत घरी नेलं, आत भर घातलेला जाड अंगरखा दिला आणि बजावलं: कपडे लागले तर येऊन माग, पण ज्याचं मन ओळखत नाहीस त्याच्या अंगावर जाऊ नकोस.