जिवावरचं बोटावर

नाशिकच्या सातपूरला पॉवर प्रेसमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनमध्ये, दाजींची दोन बोटं गेली, त्याला आता दोन वर्षं होतील. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. हॉस्पिटलात भेटायला येणारा जो तो एकच म्हणायचा, "जिवावरचं बोटावर निभावलं." म्हणायची पद्धतच आहे, म्हणणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण ज्याचं खरोखर बोट गेलंय त्याच्या कॉटशी उभं राहून? दाजी आपले प्रत्येकाला "हो ना, देवाची कृपा" म्हणायचे.

मी फिजिओथेरपिस्ट. सिडकोत छोटं क्लिनिक आहे. अंबडचे कामगार आणि पाथर्डी फाट्याच्या बाजूला गाडीवरून पडलेली पोरं, हेच माझे पेशंट. दाजींचा हात मीच घेतला. गोनिओमीटर लावायचा, उरलेली बोटं किती अंश वाकतात ते वहीत लिहायचं, रोज. ती वही अजून आहे माझ्याकडे. साडेतीन महिन्यांच्या नोंदी आहेत आणि झोपेबद्दल एक शब्द नाही.

ताई सांगत होती, "हे रात्री उठून बसतात गं." मी म्हटलं, दुखत असेल. एका रविवारी सगळे मिसळ खायला निघालो, तर दाजी म्हणाले पोट बरं नाही. पुढच्या रविवारीही पोटच. चार लोकांत पाव मोडायचा तर हात खिशातून बाहेर काढावा लागतो, हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं. खालच्या दुकानाचं शटर धाडकन पडलं की घामाघूम व्हायचे. भाच्याचा दहावीचा निकाल लागला, पेढा हातात घेतला आणि तसाच बशीत ठेवला. मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचायला आम्हाला आठ महिने लागले, आणि घरात मी होते. आमच्या क्षेत्रातली!

आमची सगळ्यांची ठाम समजूत असते की जखम मोठी तर धसका मोठा. तसं नसतं. मांडीत रॉड घातलेला एक जण माझ्याकडे यायचा तो विनोद सांगत, आणि मनगटाला नुसता तडा गेलेला एक मुलगा प्लॅस्टर निघून दोन महिने झाले तरी गाडीला हात लावत नव्हता. एक्स-रे बघून हे कळत नाही. त्या क्षणी "आता आपण मरतो" असं वाटलं होतं का, आधी कधी नैराश्य येऊन गेलंय का, घरी बोलायला कोणी आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. आणि हे विचारल्याशिवाय कळायचं नाही.

विचारायचं काय, हेही कोणीतरी बसून ठरवलंय. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी २०१७ साली नऊ प्रश्नांची एक यादी छापली, उत्तर फक्त हो किंवा नाही. जखमी माणूस वॉर्डात असतानाच विचारायची. मरू असं वाटलं का, हे कोणी मुद्दाम केलं असं वाटतं का, घरच्यांपासून तुटल्यासारखं वाटतं का, उगाच रडू येतं का, अशी. हे निदान नव्हे. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात बसून राहिलेला धसका, असं म्हणायलाच लक्षणं महिनाभर टिकावी लागतात, आणि बहुतेक माणसं आपली आपण सावरतात. पुढे कोणावर नजर ठेवायची, एवढंच त्यातून कळतं. तिकडच्या सर्जन लोकांच्या संघटनेने २०२२ च्या नियमांत मोठ्या ट्रॉमा सेंटरना अशी तपासणी बंधनकारकच केली. "मुद्दाम केलं का" या प्रश्नाला दाजी बराच वेळ गप्प बसले असते. मशीनचा सुरक्षेचा सेन्सर बंद ठेवून काम चालू होतं, हे त्यांनी ताईला पाचव्या महिन्यात सांगितलं.

२०२२ मध्येच ८ ऑक्टोबरला पहाटे इथे नाशिकला मिर्ची हॉटेल चौकात खासगी बस पेटली, किमान १२ माणसं गेली. दोनच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन सुरू झाली. १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण त्या बसमधून वाचलेल्याच्या डिस्चार्ज कार्डावर हा नंबर कोणी लिहिला असेल का? मला शंका आहे. आता रस्ता अपघाताला दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, २०२५ ची योजना, चांगलीच आहे. पण सात दिवस. आणि हा आजार ओळखायलाच महिना लागतो!

डॉक्टर मंडळी म्हणतील वेळ कुठाय. ओपीडीची रांग मीही बघते. पण हे सर्जननेच विचारावं असं कुठाय? सिस्टर विचारू शकते, मी विचारू शकते. फक्त कॉटभोवती सात नातेवाईक उभे असताना नको. सासूबाईंसमोर कुठला जावई सांगेल की मी घाबरलो होतो? आणि "सांग, सगळं सांग, मोकळा हो" म्हणून दुसऱ्याच दिवशी अपघात वदवून घेणंही नको, त्याने फायदा होत नाही असंच अभ्यास सांगतात. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. विद्यार्थ्यांच्या केस पेपरवर चार ओळी वाढवायला किती खर्च येईल?

माझ्या केस पेपरवर मी वाढवल्यात. गेल्या महिन्यात अंबडच्या एका पोराला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हात दुखतोय, झोपेचं काय घेऊन बसलात?" तिसऱ्या दिवशी मशीनचे पॅड काढत होते, तेव्हा छताकडे बघत म्हणाला, "ते झोपेचं विचारत होता ना तुम्ही..."