‘हल्ली फोटो का टाकत नाहीस?’

दिवाळीपासून हा प्रश्न निदान वीस जणांनी विचारला असेल. कुणी इनबॉक्समध्ये, कुणी लग्नाच्या पंगतीत, परवा तर आमच्या शाखेत एफडी मोडायला आलेल्या एका आजोबांनी. ते माझे भिगवणच्या पक्ष्यांचे फोटो नेमाने बघणारे. सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं, ‘वेळ मिळत नाही हो.’ ते खोटं होतं. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी, सकाळी पाचला आपोआप जाग येते. एवढा वेळ आयुष्यात कधी नव्हता.

म्हणून आज नीट लिहिते. लांबेल, पण एकदाच लिहायचंय.

माझा कॅमेरा आणि त्याची ती लांबचं जवळ आणणारी, सव्वादोन किलोची २००-५०० लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये आहे. आर्द्रतेचा काटा ४५ वर आहे. दर रविवारी मी तो काटा बघते आणि दार न उघडता चहा करायला जाते. बॅटरी कधीच उतरली असणार. गेल्या जूनमध्ये शेवटचा फोटो काढला आणि तोही कुणाच्या तरी डोहाळजेवणात.

सुरुवात अण्णांच्या आगफा क्लिक थ्रीपासून झाली. आमच्या वयाच्या अनेक घरांत तो होता. काळा, ठोकळ्यासारखा, मागे लाल काचेची छोटी खिडकी. त्या खिडकीतून फिल्मवरचा आकडा दिसायचा. १२० चा रोल, बारा फोटो. आमच्याकडे एक रोल गणपतीत भरला तर दिवाळीच्या फराळापर्यंत पुरवायचा असे. अण्णा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. फोटो काढताना ते आधी कॅमेरा माझ्या हातात देत आणि म्हणत, ‘बघ, काय दिसतंय ते सांग.’ मी सांगायचे: आजी, तुळस, मागे वाळत घातलेलं लुगडं. ‘लुगडं पाहिजे का?’ असं ते विचारत. मग मी दोन पावलं डावीकडे सरकायचे. लुगडं काढून टाका असं त्यांनी आजीला कधी सांगितलं नाही. हलायचं ते आपण. हे मला आता, एवढ्या वर्षांनी, फार मोठं वाटतं. का ते पुढे कळेल.

नोकरी, संसार, मुलाचं शिक्षण यांत मधली पंधरा वर्षं गेली. २०११ साली पगारवाढीची थकबाकी हातात आली. त्यातून मी सोनं घेतलं नाही, निकॉन डी ७००० घेतला. घरी दोन दिवस कुणी बोललं नाही माझ्याशी.

आणि मग कवडीपाट.

पुणेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. सोलापूर रस्त्याला लोणीच्या अलीकडे मुळा-मुठेवर एक जुना बंधारा आहे. सगळ्या शहराचं सांडपाणी पोटात घेऊन नदी तिथे येते. बंधाऱ्यावरून पडताना तिला फेस येतो, खडकांना प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबत असतात, वासाने पहिल्या दिवशी मळमळतं. आणि त्याच पाण्यात नोव्हेंबरात चक्रवाक उतरतात. हिमालयापलीकडून आलेले, केशरी-तपकिरी अंगाचे, जोडीजोडीने. धुक्यात त्यांचा तो ‘आँग, आँग’ आवाज येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. शेकाट्या त्याच्या गुलाबी काड्यांसारख्या पायांनी चालतो, धोबी शेपूट वरखाली करत फिरतो, नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालतो.

पहिला सबंध हिवाळा मी तिथे एका दगडावर बसून काढला. माझ्याकडे लेन्स साधी होती, पक्षी लांब. त्यामुळे बघण्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. बघून बघून कळायला लागलं की तुतवार ठरलेल्या वाटेने काठाने चालत येतो आणि मी हलले नाही तर माझ्या बुटापासून चार फुटांवरून जातो. शिक्रा हा शिकारी पक्षी आला की आधी सगळा काठ गप्प होतो, मग उडतो. त्या हिवाळ्यात माझे चांगले म्हणावेत असे फोटो सहा आले असतील. तितकी आनंदात मी त्यानंतर कधी नव्हते.

पुढचं भराभर सांगते, कारण ते अनेकांचं सारखंच असतं. ग्रुप मिळाला. मोठी लेन्स आली, मग डी ५००, सेकंदाला दहा फोटो काढणारा. ‘लाइफर’ हा शब्द शिकले, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली जात. मग लाइफरची यादी आली, यादीतल्या आकड्याची चढाओढ आली. दोनशे झाले, अडीचशे झाले. भिगवणला उजनीचं पाणी उतरायला लागलं, चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे नुसती बघत बसले होते, चौथ्या वर्षी ‘उडवा ना जरा’ असं नावाड्याला कुणीतरी म्हणालं तेव्हा मी शटर स्पीड वाढवून तयार बसले होते. कुरवांना फरसाण टाकायचं, म्हणजे ते होडीजवळ झेपावतात आणि डोळ्यात चमक असलेला फोटो मिळतो. तेही केलं. मैलोन्‌मैल उडून आलेल्या पक्ष्याला मी तळलेली शेव खायला घातली.

नवरंगाला मोबाइलवर त्याचाच आवाज ऐकवायचा. याला आमच्यात ‘कॉल लावणे’ म्हणतात. विणीच्या हंगामात त्या पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो सगळं सोडून भांडायला येतो आणि झुडपातून बाहेर, आपण आधीच पाहून ठेवलेल्या काटकीवर बसतो. मागे हिरवी, स्वच्छ बॅकग्राउंड. दहा जण फोटो काढतात, अकरावा म्हणतो माझा हुकला, परत लाव. पक्षी परत येतो. त्याला परत यावंच लागतं. त्या पाऊण तासात त्याने खायचं काय, गायचं कुणासाठी, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही असं लिहिलं तर ते खरं नाही. आला होता. फोटो फार सुंदर येत होते.

आता त्या घरट्याबद्दल.

जून महिना, सिंहगडाच्या पायथ्याची झाडी. स्वर्गीय नर्तकाचं घरटं सापडल्याचा निरोप रात्री ग्रुपवर आला, सकाळी सहाला आम्ही नऊ जण हजर. डोक्यापेक्षा थोडं उंच, बारीक फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली वाटी. घरट्यावर नर बसला होता. पांढराशुभ्र, काळ्या तुऱ्याचा, आणि शेपटीची ती दोन लांब पिसं वाटीबाहेर रिबिनीसारखी लोंबत होती. या पक्ष्यात नर-मादी दोघंही आळीपाळीने घरट्यावर बसतात, हे मला माहीत होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. आत तीन पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते.

फोटोत पानं येत होती. आमच्यातल्या एकाने सॅकमधून बागकामाची कात्री काढली. मी काहीतरी पुटपुटले असेन, कारण तो म्हणाला, ‘ताई, दोनच फांद्या आहेत.’ दोन कापल्या. मग प्रकाश येईना म्हणून आणखी एक. मी माझा ट्रायपॉड लावला.

तो फोटो तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. नर चोचीत चतुर घेऊन आलेला आणि तीन चोची उघड्या. या भिंतीवर माझ्या कुठल्याही फोटोला मिळाले नसतील इतके लाइक्स त्याला मिळाले. ‘निसर्गाचा चमत्कार’, ‘बाबा असावा तर असा’ अशा कमेंट्स होत्या. मी प्रत्येकाला हात जोडलेला इमोजी पाठवला.

चार दिवसांनी मी एकटीच परत गेले. मादीचा चांगला फोटो हवा होता. घरटं रिकामं होतं. इतक्या लहान पिल्लांना उडायला आणखी काही दिवस तरी हवे होते. काय झालं ते मी पाहिलेलं नाही. शेजारच्या झाडावर टकाचोर ओरडत होता आणि टकाचोर घरटी लुटतो. ऊनही दुपारी तिथे थेट पडत असणार. पानं ज्यासाठी असतात ते दोन्ही आम्ही काढून टाकलं होतं, सावली आणि आडोसा.

तेव्हाही मी थांबले नाही, हे सांगायलाच हवं. हळहळले, घरी आले, पुढच्या महिन्यात परत बाहेर पडले. थांबले ते दीड वर्षाने. एका प्रदर्शनासाठी तो फोटो मोठा छापायचा होता म्हणून रात्री लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर उघडला. डाव्या कोपऱ्यात, जरा धूसर, एक पांढरट ठिपका दिसला. कापलेल्या फांदीचं टोक. ताज्या लाकडाचा रंग. मी क्लोन टूल घेतलं आणि तो ठिपका पुसला. आठ-दहा सेकंद लागले असतील. बेमालूम पुसला गेला, मला येतं ते काम. मग मी लॅपटॉप मिटला. प्रदर्शनाला फोटो पाठवला नाही आणि त्यानंतर कॅमेरा उचलावासाच वाटेना.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच बसवलेलं आहे. मी हे त्या रात्रीनंतर वाचलं. शिकार. बंदूक घेऊन जाणाऱ्या माणसासाठी वापरतो तोच शब्द. मला तो शब्द कठोर वाटला नाही, बरोबर वाटला. बऱ्याच स्पर्धांनी आणि ग्रुपांनी आता घरट्यांचे फोटो घेणं बंद केलंय, ते फार चांगलं केलं. पण नियम फोटो टाकण्यावर आहे. काढणाऱ्याच्या हातातली कात्री कुणाला दिसणार?

तेव्हापासून सल्ले मिळताहेत आणि देणारी सगळी माझी माणसं आहेत. ‘मिररलेस घे, हल्लीचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो, नवीन खेळणं आलं की हुरूप येतो.’ ‘मॅक्रो करून बघ.’ ‘लडाखला चल.’ ‘थोडा ब्रेक घे, येईल उत्साह परत.’ एका जिवलग मैत्रिणीने तर समुपदेशकाचा नंबर दिला. काळजीपोटीच. छंद सुटला म्हणजे माणसाचं काहीतरी बिनसलं असं आपण धरून चालतो. उत्साह गेला की तो परत आणण्याचे उपाय सुचवतो, ताप उतरवण्यासारखे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मला बरं व्हायचं नाहीये. जो उत्साह मला त्या झाडाखाली ट्रायपॉड लावायला सांगत होता, तो गेला तर जाऊ दे. तो परत यावा म्हणून मी लाखभर रुपये आणि लडाखचं तिकीट का खर्च करू? तेरा वर्षांच्या छंदाने मला पुष्कळ दिलं, मित्र दिले, पहाटा दिल्या, अण्णा गेले त्या वर्षी त्यानेच मला उभं ठेवलं. हे सगळं खरं आहे आणि तरीही एका टप्प्यावर तो छंद मला पक्ष्यांपासून लांब नेत होता, पाचशे एमएमच्या लेन्समधून.

मध्यंतरी होमाई व्यारावालांबद्दल वाचत होते. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे.त शिकल्या, स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली, नेहरू, माउंटबॅटन, सगळं त्यांच्या रोलिफ्लेक्समधून आपण पाहतो. पतीच्या निधनानंतर वर्षभरात, १९७० साली, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. व्यवसायात नव्याने आलेल्यांची वागण्याची रीत त्यांना पटेनाशी झाली होती. २०१२ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या, म्हणजे पुढची चाळीस वर्षं त्यांनी पुन्हा ते काम केलं नाही. बडोद्यात राहिल्या, बाग केली, घरातल्या वस्तू स्वतः दुरुस्त केल्या. त्यांच्याशी माझी बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करत नाही. पण इतकं मोठं काम हातात असलेल्या बाईने ते शांतपणे ठेवून दिलं आणि पुढे भरपूर जगली, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली.

ग्रुपवरच्या मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण हे वाचून दुखावाल. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, कारण नऊ ट्रायपॉडांत एक माझा होता. पण तुम्ही नवीन मुलांना घेऊन जाता, त्यांना सेटिंग आधी शिकवता. त्यांना एक हिवाळा छोट्या लेन्सवर बसवा. कॉल लावायला मनाई करा. जून-जुलैत घरट्याचं लोकेशन कुणी मागितलं तर देऊ नका, अगदी जवळच्यालाही. सॅकमध्ये कात्री दिसली तर मी गप्प बसले तसे बसू नका.

कॅमेरा विकणार का, असंही विचारलंय काहींनी. माहीत नाही. भाची मागते आहे. तिला म्हटलं, आधी अण्णांचा आगफा घेऊन ये माझ्याकडे, त्याच्या चौकटीतून काय दिसतं ते सांग, लुगडं पाहिजे का नको ते ठरव, मग बघू.

गेल्या महिन्यापासून मी पुन्हा कवडीपाटला जाऊ लागले आहे. कॅमेरा नाही, अण्णांची जुनी दुर्बीण आणि शंभर पानी वही. मागच्या रविवारी चक्रवाक अकरा होते, शेकाटे मोजता आले नाहीत, तुतवार एक. तो काठाने चालत आला, माझ्यापासून चार-पाच फुटांवर थांबला, चिखलातून काहीतरी ओढून खाल्लं आणि पुढे गेला. माझा उजवा हात एकदा गळ्याशी गेला, कॅमेऱ्याचा पट्टा चाचपायला. सवय.

येत्या रविवारी साडेसहाला बंधाऱ्यावर असेन. माझ्याकडे दुर्बीण एक जादा आहे.